२५ हजारांत ग्राफिक्स कार्ड: लेक आर्किटेक्चरला, घरी ऑफिसातला जुना टॉवर

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये थ्रीडी मॉडेलचं स्केचअप, मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं काढणारे (म्हणजे रेंडरिंगचे) एन्स्केप, ल्युमियन सगळं चालतं; घरी स्केचअपच कसंबसं चालतं आणि ल्युमियन उघडतानाच हात वर करतं. सबमिशनच्या दिवसांत लॅबच्या मशीनसाठी नंबर लावावा लागतो आणि संध्याकाळी लॅबला कुलूप. म्हणून घरच्या डेस्कटॉपला कार्ड टाकायचं म्हणतोय.

मशीन असं आहे: एका कंपनीने ऑफिसं बदलताना काढून टाकलेला डेलचा टॉवर, कोअर आय५ ८५००, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. वेगळं कार्ड नाही. मॉनिटर २२ इंची फुल एचडी.

बजेट २५ हजार, ओढूनताणून २८. इथल्या एका दुकानदाराने 'आरएक्स ५८०, ८ जीबी, दहाच्या आत, रेंडरिंगला एक नंबर' असं सांगितलं. दुसरा म्हणाला हे मशीनच भंगारात टाका, नवीन घ्या. धाकटा दहावीला आहे, त्याला व्हॅलोरंट खेळायचंय, पण त्याचं मत या बाबतीत विचारात घेतलेलं नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.


तर्री

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०. डोळे मिटून घ्या. धागा बंद करा.


सोल्डर

डोळे मिटायच्या आधी एकदा केसचं झाकण उघडा.

काका, कार्ड कुठलं हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारी पेटी, केवढ्याचा आहे, दुसरा त्यातून कोणत्या केबली निघतात. ऑफिसच्या टॉवरमध्ये कंपन्या मोजूनमापून एसएमपीएस देतात, कारण त्यात कधी कार्ड बसेल असं त्यांनी गृहीतच धरलेलं नसतं.

हिशेब सोपा आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागले तर एसएमपीएसमधून थेट केबल जोडावी लागते: ६ पिनांची असेल तर आणखी ७५, ८ पिनांची असेल तर १५०. ४०६० ला ११५ वॉट लागतात, म्हणजे केबल हवीच.

झाकण काढून तीन गोष्टी सांगा. एसएमपीएसच्या लेबलवर एकूण वॉट किती. ६ किंवा ८ पिनांची मोकळी केबल लोंबतेय का. आणि मागच्या पट्टीपासून समोरच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत सरळ रेषेत जागा किती.


गोदाकाठ

उघडलं. लेबलवर २६० वॉट. मोकळी केबल एकही नाही. मदरबोर्डला जाणारी केबलही नेहमीच्या मशीनसारखी रुंद वाटत नाही, आखूड प्लग आहे. जागा लेकीने तिच्या ड्राफ्टिंगच्या स्केलने मोजली, २५ सेंटिमीटरला किंचित कमी. आत धूळ इतकी होती की आधी ब्रश आणायला जावं लागलं.


सोल्डर

छान. जागा पुरेशी आहे, दोन पंख्यांची बरीच कार्डं २० ते २४ सेंटिमीटरमध्ये येतात. तीन पंख्यांचं घेऊ नका.

तो आखूड प्लग हीच मेख आहे. डेलच्या ऑफिसवाल्या टॉवरमध्ये, म्हणजे ऑप्टिप्लेक्समध्ये, मदरबोर्डला नेहमीची २४ पिनांची केबल नसते, डेलचा स्वतःचा कनेक्टर असतो. बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही, मधे अ‍ॅडॅप्टर केबल लागते. ती ऑनलाइन मिळते, महाग नसते. फक्त बोर्डवरचा प्लग किती पिनांचा आहे ते मोजून त्याच मापाची मागवा. एसएमपीएसच्या पेटीची मापंही ताडून बघा, स्क्रूची भोकं जुळली पाहिजेत.

म्हणजे तुमच्यापुढे दोन वाटा:

एक, एसएमपीएसला हात न लावता केबल न लागणारं कार्ड. त्यात आज घेण्यासारखं म्हणजे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॉटचं. नीट बघा, ३०५० नावाने दोन कार्डं विकली जातात. ८ जीबीचं १३० वॉटचं आहे, त्याला केबल लागते. ६ जीबीचं त्याहून हळू आहे, त्यात कोअर कमी आणि मेमरीचा रस्ताही अरुंद, १२८ ऐवजी ९६ बिट. दुकानदार दोघांनाही 'तीसपन्नास'च म्हणतो.

दोन, चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस अधिक अ‍ॅडॅप्टर अधिक मोठं कार्ड. एसएमपीएसला साडेतीन-चार हजार जातील. ते या २५ मधूनच काढायचे. 'लोकल' ४५० वॉट हजाराच्या आत मिळतो, तो घेऊ नका. लेबलवर काहीही छापता येतं.


पिंपळपान

मध्येच विचारतो. इंटेलचं आर्क बी५८० याच भावाच्या आसपास दिसतंय आणि त्यात १२ जीबी आहे. ते का नको?


सोल्डर

कार्ड चांगलं आहे, या मशीनसाठी नाही. आर्कला रिसायझेबल बार नावाची सोय बायोसमध्ये चालू असावी लागते, नाहीतर वेग फार पडतो. इंटेलमध्ये ती अधिकृतपणे दहाव्या पिढीपासून. ८५०० आठव्या पिढीचा, त्यात ऑफिसचा बोर्ड. शिवाय जुन्या प्रोसेसरवर बी५८० जास्तच अडखळतं, आणि १९० वॉट खातं ते वेगळंच. नवीन मशीन बांधत असाल तर मात्र जरूर विचार करा.


चौथा मजला

आता कामाबद्दल कुणीतरी बोलावं म्हणून लिहिते. मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, रोजचं काम हेच.

काका, लेकीच्या सॉफ्टवेअरमधलं कार्डावर नेमकं काय चालतं हे आधी वेगळं काढा. ऑटोकॅडचं टूडी ड्रॉइंग: कार्डाशी जवळपास संबंध नाही. रेव्हिटची जड फाईल उघडायला जो वेळ लागतो तो प्रोसेसर, रॅम आणि डिस्कचा. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना कार्ड लागतं, पण मध्यम कार्डही पुरतं. मॉडेल फारच जड झालं तर तिथेही प्रोसेसरच दमतो. एन्स्केप आणि ल्युमियन मात्र पूर्णपणे कार्डावर चालतात. तुमचे पैसे या दोघांसाठी खर्च होणार आहेत.

आणि इथे वेगाच्या आधी मेमरी बघायची, म्हणजे कार्डावरची व्हीरॅम. गेमवाल्यांचा हिशेब वेगळा असतो: मेमरी कमी पडली की टेक्स्चर मीडियमवर आणायचं, विषय संपला. आमच्याकडे सीनमध्ये जे आहे ते सगळं आत मावावं लागतं. बंगल्याचं मॉडेल काहीच जागा खात नाही. जागा खातात झाडं, गवत, गाड्या, माणसं आणि टेक्स्चर. तिसऱ्या वर्षाला हाउसिंग किंवा कॅम्पसचं डिझाईन येतं, मुलं साइटभर झाडं पेरतात, दगडी भिंतीला फोर-के टेक्स्चर लावतात. मग ८ जीबी हा हा म्हणता भरतं.

भरल्यावर काय होतं? उरलेला माल कार्ड साध्या रॅममध्ये ठेवतं आणि स्लॉटमधून ने-आण करतं. आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वाहते. तेच कार्ड स्लॉटच्या फक्त आठ लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, वापरतं. आय५ ८५०० चा स्लॉट पीसीआयई ३ या जुन्या पिढीचा, त्यावर आठ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. हायवेवरून थेट बोळात शिरल्यासारखं. कॅमेरा हलवला की चित्र थबकतं, किंवा ल्युमियन सरळ बंदच पडतं, आणि हे सबमिशनच्या आदल्या रात्री होतं.

म्हणून माझं मत आरटीएक्स ३०६०, पण १२ जीबीवालंच. २०२१ चं कार्ड आहे, नवीन नाही हे मान्य. पण १२ जीबी मेमरी, १९२ बिटचा रस्ता आणि पूर्ण सोळा लेन. तुमच्या जुन्या स्लॉटला ते ४०६० पेक्षा जास्त शोभतं.

पण माझं किंवा तर्रींचं ऐकून घेऊ नका. लेकीला सांगा, लॅबमध्ये गेल्या सेमिस्टरची सगळ्यात जड फाईल ल्युमियनमध्ये उघड, सगळीकडे एक फेरी मार, आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयूवर जाऊन 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी'चा आकडा लिहून आण. लॅबच्या कार्डाला किती जीबी आहे तेही. आकडा ५-६ आला तर ४०६० बिनधास्त घ्या.


तर्री

मजलाताई, ३०६० च्या मानाने ४०६० गेममध्ये पंधरा-वीस टक्के तरी जोरात पळतं, आणि १७० ऐवजी ११५ वॉटमध्ये. फ्रेम जनरेशनही, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरणं, त्यालाच आहे. पाच वर्षांपूर्वीचं कार्ड आज नवीन म्हणून विकत घ्यायला माझं मन होत नाही. आणि आठ लेनचा एवढा बाऊ कशाला, मेमरी भरत नाही तोवर फरक चिमूटभर असतो.


चौथा मजला

'मेमरी भरत नाही तोवर.' तेच तर म्हणतेय. आकडा येऊ दे.


बिटबहाद्दर

त्या ५८० वर कुणी बोललंच नाही. काका, ते घेऊ नका.

आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड. सध्या स्वस्तात नवं म्हणून जे मिळतं ते बहुधा '२०४८ एसपी' असतं. मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर, यात २०४८, म्हणजे खरं तर ५७० वर ५८० चं नाव. त्यातली बरीचशी मायनिंगमधून (क्रिप्टो नाणी काढण्याच्या कामातून) निघालेली चिप नव्या सर्किटच्या पट्टीवर बसवून आलेली असतात. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करायची सोय, नाही. एएमडीने २०२३ मध्ये या पिढीचे ड्रायव्हर मुख्य शाखेतून बाजूला काढलेत. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनने २०२१ च्या शेवटी ३.० आवृत्तीत ओपनसीएल, म्हणजे असली कार्डं ज्यातून चालायची ती सोय, काढली, तेव्हापासून त्यात हे कार्ड चालत नाही. 'रेंडरिंगला एक नंबर' कसं ते त्या दुकानदारालाच विचारा.

तसंच जुन्या जीटीएक्स १०७०, १०८० च्या मोहात पडू नका. एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२५ मध्ये थांबवलं.

वापरलेलं ३०६० मात्र बघण्यासारखं आहे, बरंच स्वस्त पडतं. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं तेव्हा कार्डांचा पूर आला होता, तो माल अजून फिरतोय. मायनिंगचं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड दमलेले असतात. घेताना:

समोर चालवून दाखव म्हणायचं. नुसतं डिस्प्ले आलं म्हणून पैसे द्यायचे नाहीत. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड न्यायचं, इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यात मेमरी १२२८८ एमबी आणि बस १९२ बिट दिसलं पाहिजे. ३०६० नावाने ८ जीबी, १२८ बिटचं पण आहे, ते टाळा. नावात 'एम' किंवा 'लॅपटॉप' दिसलं तर ती लॅपटॉपची चिप डेस्कटॉपच्या पट्टीवर चिकटवलेली, उठून चालू लागायचं. मग पंधरा-वीस मिनिटं फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण ताण देणारी चाचणी. तेव्हा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) आणि जीपीयूच्या तापमानातला फरक बघा. तो वीस अंशांच्या फार वर गेला तर पेस्ट वाळलीय किंवा कार्ड कुणीतरी उघडून नीट बसवलेलं नाही. स्क्रू पण बघा, घासलेले असले की समजायचं.

लॅमिंग्टन रोडला चालवून दाखवतात, कटकट करतात पण दाखवतात. ऑनलाइन जाहिरातीवाल्याला आगाऊ पैसे, मग ते शंभर रुपये टोकन का असेना, द्यायचे नाहीत.


हडसनकाठ

माझा भाचा डिसेंबरमध्ये भारतात येतोय. इथून, न्यू जर्सीहून, आणलं तर? आरटीएक्स ५०६० इथे २९९ डॉलरला आलं होतं.


सोल्डर

हिशेब मांडू. डॉलर ९० धरा. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के मिळवून ते साधारण ३१९ डॉलर, म्हणजे २८,७०० च्या आसपास. इथे त्याच २९९ वर १८ टक्के जीएसटी लावला तर पावणेबत्तीस. तीन हजार वाचले. त्या बदल्यात इथली हमी गेली, कारण बहुतेक कंपन्यांची हमी ज्या देशात घेतलं तिथलीच असते. कार्ड बिघडलं की परत भाच्याची वाट बघा. महागड्या कार्डात फरक मोठा पडतो तेव्हा लोक आणतात, या भावात त्यात दम नाही.

आणि ५०६० पण ८ जीबी, आठ लेनच आहे.


अक्कडबक्कड

अवांतर: लॅपटॉपच का नाही घेत? आर्किटेक्चरच्या मुलांना ज्युरीला कॉलेजात न्यावं लागतं ना?


चौथा मजला

या बजेटमध्ये लॅपटॉप बसणारच नाही, म्हणून थोडक्यात. ल्युमियन चालेल असा लॅपटॉप यांच्या बजेटच्या तिप्पट. त्यात नावावर जाऊ नका: लॅपटॉपमधलं ४०६० एकाच नावाने ३५ ते ११५ वॉटपर्यंत काहीही असू शकतं, आणि खोक्यावर ते ठळक लिहिलेलं नसतं. ज्युरीला रेंडर आणि शीट न्यायच्या असतात, सीन नाही.


गोदाकाठ

आकडा आणलाय. लॅबमध्ये १२ जीबीचं कार्ड आहे. गेल्या वर्षीच्या कम्युनिटी सेंटरच्या फाईलला डेडिकेटेड मेमरी ९.१ जीबी. नुसत्या स्केचअप-एन्स्केपला ४ च्या आत. ती म्हणते झाडं अर्धी लपवली तर ल्युमियन ७ वर येतं, पण मग सर विचारतात की लँडस्केप कुठाय.

भाव काढले. ३०६० १२ जीबी नवीन साडेचोवीस सांगतायत. एसएमपीएस चार. केबल वेगळी. २९ च्या वर जातंय. एकाने 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हटलं.


तर्री

९.१ म्हणजे मग ३०६०. ठीक. माझं ४०६० धाकट्यासाठी राखून ठेवा.


चौथा मजला

९.१ वर पुढच्या वर्षीचं थीसिस पण येतंय, तेव्हा १२ च. ५०६० टीआय किंवा ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं सुचवलं असतं, पण ती दोन्ही तुमच्या बजेटपासून बरीच लांब आणि आय५ ८५०० ला जड.

पैसे कमी करायचे असतील तर कार्डात आणि एसएमपीएसमध्ये करू नका. एसएसडी, रॅम वाढवायचं डोक्यात असेल तर ते पुढे ढकला. तसंही २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढलेत की आत्ता घ्यायला नकोच. १६ जीबीवर तिसरं वर्ष निघेल, फक्त रेंडर लावलं की क्रोम बंद करायची सवय लावा.


बिटबहाद्दर

बिल सोडू नका. हमीचं काम दुकानदार करत नाही, कंपनीचं किंवा आयातदाराचं सर्व्हिस सेंटर करतं. बिल नसेल तर ते सिरीयल नंबरवरून माल आला ती तारीख धरतात. ३०६० सारखं जुनं मॉडेल गोदामात वर्षभर पडून असू शकतं, ते वर्ष तुमच्या हमीतून गेलं. काही कंपन्या वेबसाइटवर नोंदणी केली की जास्तीची हमी देतात, तिथेही बिल अपलोड करायला लागतं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि तो खोक्यावरचा नाही, कार्डावरच्या स्टिकरचा.


सोल्डर

जोडणीबद्दल दोन गोष्टी. मॉनिटरला सध्या निळा व्हीजीए प्लग असेल तर नवीन कार्डाला तसला सॉकेट नसतो, फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. मॉनिटरला एचडीएमआय आहे का बघा. आणि कार्ड बसवल्यावर केबल कार्डाला लावा. मदरबोर्डला लावून 'काही फरकच पडला नाही' म्हणणारी बरीच मंडळी भेटलीत.

८५०० चे ६५ वॉट, कार्डाचे १७०, बाकी सगळं मिळून तीनशेच्या आत. ५५० पुरून उरेल. कार्डाला ८ पिनांची केबल एसएमपीएसची मूळचीच लावायची, मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनांच्या प्लगवरून) जोड काढून नाही.


गोदाकाठ

मॉनिटरला एचडीएमआय आहे, सॉकेटवरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा अजून निघालेली नाही. डेलचा प्लग मोजून केबल मागवली. शनिवारी मुंबईला बहिणीकडे जायचंच आहे, तिथूनच लॅमिंग्टन रोडला जाऊन नवीन ३०६० बिलासकट घेतो. नाशिकच्या भावापेक्षा तिकडे फोनवर थोडं कमी सांगितलंय. सर्वांचे आभार, विशेषतः टास्क मॅनेजरबद्दल.


सोल्डर

ग्रँट रोड स्टेशनला उतरा, तिथून चालत. दोन-तीन दुकानं विचारल्याशिवाय पैसे काढू नका. आणि रविवारी जाऊ नका, बहुतेक बंद असतं.


तांबडामाती

याच धाग्यावर विचारतो, रागावू नका. मी कोल्हापूरला लग्नाचं शूटिंग करतो. नवीन कॅमेरा ४:२:२, १०-बिट एच.२६५ (जास्त रंग ठेवणारा व्हिडिओ) देतो, एडिटिंगची टाइमलाइन फार अडकते. ३०६० घेतलं तर सुटेल का?


बिटबहाद्दर

नाही. ४:२:२ एच.२६५ हार्डवेअरवर डिकोड करणं एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांना जमत नाही, ३०६० ला नाही आणि ४०९० लाही नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स मात्र ते करतं. नवीन मशीन घेताना १२४०० घ्या, १२४००एफ नको. 'एफ'मध्ये तेच ग्राफिक्स बंद केलेलं असतं. प्रोसेसर कोणता आहे आणि एडिटिंग कशात करता ते लिहून वेगळा धागा काढा, तिथे बोलू.